दिवाडी, चोडण, जुवें : मांडवीतल्या बेटांवर राहायला जायचं असेल तर

आधीच सांगते, इथे बीच नाहीये. शॅक नाही, पॅरासेलिंग नाही, रात्रीची गाणी नाहीत. पणजीपासून अगदी जवळ, मांडवी नदीच्या पात्रात ही बेटं आहेत, आणि दर वर्षी लाखो लोक ओल्ड गोव्याची चर्चेस बघून समोरच्या काठावरनं परत फिरतात, पलीकडे जातच नाहीत. जे जातात ते पण बहुतेक दोन-तीन तासांत स्कूटरवर चक्कर मारून, फोटो काढून परत. माझं म्हणणं एवढंच आहे की इथे राहायला जा, मुक्कामाला. शेवटच्या फेरीबोटीनंतर बाहेरची माणसं निघून गेली की मगच बेट दिसायला लागतं. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो होतो, मी, नवरा, सातवीतली लेक आणि माझी आई. आईचे गुडघे फार साथ देत नाहीत तरी तिला सगळं जमलं, त्यामुळे वयस्कर माणसांना घेऊन जायचं का असं विचारणाऱ्यांना हो, खुशाल न्या.

दिवस पहिला : करमळी, ओल्ड गोवा, दिवाडी

मुंबईहून येणाऱ्यांनी कोकणकन्या घ्यावी आणि मडगावपर्यंत जाऊ नये, करमळीला उतरावं. करमळी म्हणजे ओल्ड गोव्याचंच स्टेशन समजा. थिवीं सोडलं की डबा बदलल्यासारखी सगळी माणसं जागी होतात कारण गाडी खाडी, खाजण जमीन (ती काय ते पुढे सांगते), पूल असं करत मांडवी ओलांडते आणि वाटेत दिवाडीच्या शेतांवरूनच जाते, तर खिडकीत बसा. आपण जिथे राहणार ते आधी गाडीतनंच बघून होतं.

गाडी भाड्याने घ्यायची तर आधीच फोनवर ठरवा, बेटावर गेल्यावर शोधू नका. आम्ही दोन स्कूटर सांगून ठेवल्या होत्या, त्या स्टेशनवर आणून दिल्या. नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना एवढं बघून घ्या, तीच कायदेशीर भाड्याची गाडी, बाकी कुणाची खाजगी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेतली तर पोलिसांनी अडवल्यावर त्रास आपल्याला. पेट्रोल अलीकडच्या काठावरच भरा, रोख पैसे पण अलीकडेच काढून ठेवा, सुटे नक्की ठेवा, आणि ज्याला रोजच्या गोळ्या असतात त्याने त्या पूर्ण घ्याव्यात. बेटावर किराणा, भाजी, बेकरीचं सामान मिळतं, पण दुपारी एक ते चार कुणी दुकान उघडं ठेवेल ही अपेक्षा ठेवू नका.

ओल्ड गोवा आम्ही थोडक्यात केलं. बॉम जीझस बासिलिका बघितलीच पाहिजे, जांभ्या दगडाची, गिलावा नसलेली, आत सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आहेत. दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात, शेवटचं झालं २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. समोर से कॅथेड्रल. बस, ऊन चढायच्या आत निघालो कारण आईला आणि मला दोघींना बोटीची ओढ लागली होती. व्हाइसरॉयच्या कमानीखालनं रस्ता सरळ उतरत जेट्टीवर येतो. पोर्तुगीज व्हाइसरॉय नवीन आला की याच कमानीतून शहरात शिरायचा, आता त्याच वाटेने दिवाडीची माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन घरी जातात.

फेरीबद्दल नीट सांगते कारण नवीन माणूस तिथेच गोंधळतो. ही नदी परिवहन खात्याची सपाट बोट असते, पुढे लोखंडी फळी, ती साखळीने वरखाली होते. बोट लागली की आधी उतरणाऱ्यांना पूर्ण उतरू द्यायचं. मग दुचाकी, गाड्या, माणसं सगळी एकदमच चढतात. ओहोटी असेल तर फळी आणि धक्का यांच्यात चांगलाच उतार होतो आणि तिथे शेवाळ असतं, ओलं असतं, म्हणून मागे बसणाऱ्याने उतरून चालत चढावं आणि स्कूटरवाल्याने पहिल्या गिअरच्या वेगाने, ब्रेक न दाबता सरळ वर जावं. चढल्यावर इंजिन बंद, साइड स्टँड लावून गाडीवरच बसून राहिलं तरी चालतं. आमच्या शेजारी एक माणूस बर्फाच्या पेटीतली मासळी घेऊन उभा होता, एक शाळेतली मुलगी वही मांडीवर ठेवून गृहपाठ करत होती, तिचं एक गणित पूर्ण होईस्तोवर पलीकडचा काठ आला पण. इतकंच अंतर आहे. पण तेवढ्यातच गाड्यांचा आवाज मागे राहतो. शेवटची बोट किती वाजता ते जेट्टीवर विचारून घ्या, प्रत्येक धक्क्याची वेळ वेगळी आहे आणि ऋतूप्रमाणे बदलते पण.

उतरलं की दोन्ही बाजूला तिवरं, मग उघडी शेतं, आणि रस्ता सरळ पिएदाद गावात. मोठी हॉटेलं नाहीत, जुन्या घरांत काही होमस्टे आहेत, खोल्या कमीच असतात त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बरंच आधी बुक करा आणि जेवण मिळेल का हे पण तेव्हाच विचारून ठेवा. आमच्या घराला ऑयस्टर शेलच्या खिडक्या होत्या, म्हणजे काचेच्या जागी शिंपल्याचे पातळ तुकडे बसवलेले, त्यातनं प्रकाश दुधासारखा यायचा. घरमालकीण आंटी सत्तरीच्या पुढच्या. आईला बघून म्हणाल्या, "आई, तुमी वयर चडूं नाकात, हांगाच सकयल्ली खोली घेयात." आणि खालची खोली लगेच उघडून दिली. तिथपासून त्या दोघींची जी गट्टी जमली ती निघेपर्यंत.

संध्याकाळी टेकडीवरच्या चर्चला गेलो. अवर लेडी ऑफ कम्पॅशन, दिवाडीचं सगळ्यात उंच ठिकाण. वरनं मांडवी, ओल्ड गोव्याचे मनोरे, खाजणं, सगळं दिसतं. चर्चशेजारच्या दफनभूमीत एक छोटं जुनं चॅपल आहे, त्याच्या छताचं दगडी नक्षीकाम बघा, कमळाचं, ते कदंब राजांच्या काळातल्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या आधीच्या देवळाचं आहे असं मानतात. इथे गणपतीचं देऊळ होतं, देव पुढे खांडोळ्याला गेला. दफनभूमी आहे हे लक्षात ठेवून वागा, आम्ही गेलो तेव्हा एक कुटुंब थडग्यावर मेणबत्ती लावत होतं, आम्ही ती माणसं जाईपर्यंत बाहेर थांबलो.

दिवस दुसरा : मानस, कोटीतीर्थ, आणि नदीपलीकडचं सप्तकोटेश्वर

सकाळी सहा-साडेसहाला पोदेर, म्हणजे पाववाला येतो. सायकल, मागे मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि पों-पों करणारा हॉर्न. गरम पोई घ्या, कोंड्याची असते, आत पोकळ. आंटींनी ती ऑम्लेटबरोबर दिली, आईला अळसांद्यांच्या उसळीबरोबर. लेकीने तीन खाल्ल्या.

मग शेतांकडे गेलो आणि इथे मला जरा थांबून सांगायचंय कारण हे बेट ज्याच्यावर उभं आहे ती ही गोष्ट. खाजण म्हणजे भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली जमीन. मातीचे बांध घालून नदीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं आणि आत भात पिकवायचं. पण पावसाचं पाणी आतून बाहेर जायला हवं ना, त्यासाठी बांधात मानस असते, लाकडी दारांची मोरी. आम्ही एका मानशीपाशी बराच वेळ बसलो होतो. ओहोटी चालू होती तेव्हा दारं आपोआप बाहेरच्या बाजूला उघडलेली आणि आतलं पाणी खळखळत नदीत चाललेलं. मग हळूहळू पाणी थांबलं, जरा वेळ नुसतंच स्तब्ध, आणि नदी चढायला लागली तशी तिच्याच दाबाने दोन्ही दारं एकमेकांना येऊन टेकली, घट्ट. कुणी हात लावला नाही. लाकूड फुगलेलं, कडेला कालवं चिकटलेली, फटीतनं अगदी बारीक धार येत होती तेवढीच. उघडताना तोंडाशी जाळं लावलं की कोळंबी, मासे मिळतात, म्हणजे एकाच जागेतनं भात पण आणि मासळी पण. खेकडे बांधाला भोकं पाडतात, ती वेळच्या वेळी बुजवावी लागतात, एक बांध फुटला की खारं पाणी शिरतं आणि ते शेत काही वर्षं हातचं गेलं. कोरगुट नावाचा भात इथे करतात तो थोडं खारं सहन करतो. जानेवारीत कापणी होऊन गेलेली असते, त्यामुळे हिरवंगार बघायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरला या. आम्हाला कापलेल्या शेतात म्हशी आणि त्यांच्या मागे मागे गायबगळे मिळाले. बांधावरनं चालायला हरकत नसते पण गाडी घालू नका, माती ढासळते, आणि तो बांध कुणाच्या तरी पोटापाण्याचा आहे.

तिथनं नार्वेला. आता नीट लक्ष द्या, नार्वे नावाची दोन गावं आहेत, एक दिवाडीवर, एक नदीपलीकडे डिचोली तालुक्यात, समोरासमोर, मध्ये फेरी. दिवाडीवरच्या नार्वेत कोटीतीर्थ नावाचं तळं आहे, जांभ्याच्या पायऱ्या, कडेने कोनाडे. इथेच सप्तकोटेश्वराचं, म्हणजे शंकराचं, मूळ देऊळ होतं. गोव्याच्या कदंबांचं कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवर सप्तकोटेश्वराच्या वरदानाचा उल्लेख असायचा इतकं मोठं. चौदाव्या शतकात बहामनी फौजेने पाडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने त्याच शतकाच्या शेवटी परत उभं केलं, मग १५६० साली पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्या जागी चॅपल आलं. लिंग भक्तांनी रातोरात नदीपार नेलं. तळ्यापाशी आज कोणी नसतं. फलक वगैरे शोधत बसू नका, गावात विचारा, माणसं सांगतात. आईने पायरीवर बसून पाण्याला हात लावला आणि नमस्कार केला.

मग आम्ही पण त्याच वाटेने पलीकडे गेलो, नार्वेची फेरी. हा ओल्ड गोव्यापेक्षा शांत धक्का, बोट कमी वेळा असते, दुपारी जरा जास्त थांबावं लागतं, तर पाणी आणि टोपी जवळ ठेवा. उतरून थोडं आत गेलं की झाडीत देऊळ.

महाराष्ट्रातनं गोव्याला येणाऱ्या प्रत्येकाने हे देऊळ बघावं असं मला मनापासून वाटतं. १६६८ साली शिवाजी महाराज या भागात आले होते आणि त्यांच्या आज्ञेने या देवळाचा जीर्णोद्धार सुरू झाला, दारावर तो शिलालेख आहे, श्री सप्तकोटीश, शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. लेकीने चौथीच्या पुस्तकात महाराज वाचले होते, तिने ती अक्षरं एकेक करत बोटाने हवेत गिरवली, हात लावायचा नाही म्हणून. देऊळ प्रचंड वगैरे नाही. उतरती छपरं, आठकोनी घुमट, समोर दीपस्तंभ, आत धारालिंग म्हणजे वरनं खाली कंगोरे असलेलं लिंग. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने काम करून २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं, रंगरंगोटी जाऊन आता साधं, स्वच्छ दिसतं. शूज बाहेर, शॉर्ट्स घालून जाऊ नका, गाभाऱ्याचे फोटो काढू नका. दुपारी देऊळ बंद असायची शक्यता धरून सकाळीच जा. गोकुळाष्टमीला इथल्या पंचगंगा तीर्थात स्नानाला मोठी गर्दी होते, शांत बघायचं असेल तर तो दिवस टाळा, जत्रा बघायची असेल तर तोच गाठा.

परत येताना बोटीत आई म्हणाली, "आपण दहा मिनिटांत आलो गं, त्यांनी लपवून अंधारात कसं आणलं असेल." मी काही बोलले नाही, खरंच काय बोलणार. नदी रुंद आहे आणि प्रवाहाला ओढ आहे.

जेवायला आंटींकडे रात्री शागुती, म्हणजे मसालेदार सामिष रस्सा होता, आईसाठी खतखतें, मिश्र भाज्यांचं कालवण, त्यांनी शेजारच्या हिंदू घरातनं करून आणलं, सोमवार होता म्हणून. न सांगता. पैसे देऊ केले तर रागावल्या.

दिवस तिसरा : चोडण

चोडणला जायला रायबंदर गाठावं लागतं. दिवाडीहून रायबंदरची फेरी आहे आणि रायबंदरहून चोडणची. पणजीकडून येणाऱ्यांना तर सोपं, पणजीतल्या पाट्टोपासून नदीकाठचा जुना पोर्तुगीज कॉजवे धरायचा, १६३३-३४ मध्ये बांधलेला, अजून त्याच्यावरनं रोजची रहदारी चालते. चोडणच्या मार्गावर २०२५ पासून मोठ्या रो-रो बोटी आल्यात, गाड्या जास्त मावतात, पण सकाळी चोडणकर कामाला पणजीला निघतात तेव्हा त्या बाजूने गर्दी असते, आपण उलट दिशेने जातो त्यामुळे पर्यटकाला सकाळच बरी. एक विनंती, रांगेत घुसू नका. आपल्यासाठी ती मजा आहे, त्यांच्यासाठी ऑफिसची वेळ आहे.

धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. १.७८ चौरस किलोमीटर, सगळं कांदळवन, १९८८ मध्ये जाहीर झालं. वनखात्याच्या चौकीवर तिकीट घ्यायचं, कॅमेऱ्याचं वेगळं. आत तिवरांतनं पायवाट जाते आणि टेहळणी मनोरा आहे. सकाळी लवकर जा. नऊनंतर पक्षी कमी आणि डास तेवढेच. डासांचं मलम लावून, फुल बाह्यांचे फिकट कपडे घालूनच जायचं, हे मी परत परत सांगेन.

पायी की होडीने, हे भरती-ओहोटीवर ठरवा. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पायवाटेवरनं सगळ्यात जास्त दिसतं. भरतीला छोटी होडी आतल्या खाडीतनं जाऊ शकते, ओहोटीला जात नाही, म्हणून आदल्या दिवशी होडीवाल्याला फोन करून भरतीची वेळ विचारा, वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. आम्हाला सकाळी ओहोटी मिळाली. तिवरांची श्वसनमुळं चिखलातनं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली आणि त्यांच्यामधनं निवट्या. लेक तर तिथेच उकिडवी बसली. निवटी म्हणजे चिखलावर चालणारा मासा, बोटभर लांब, डोळे डोक्याच्या वर. दोन पुढच्या परांवर रेटा देत सरकते, थांबते, गाल फुगवते. एकीने दुसरीच्या हद्दीत पाय टाकला, म्हणजे पर टाकला, तर दुसरीने पाठीवरचा पंखा असा खाडकन उभा केला, निळ्या ठिपक्यांचा, आणि उडीच मारली अंगावर. सगळं एका ताटाएवढ्या जागेत चाललेलं. बाजूला नर खेकडे एक मोठा डेंगा वरखाली हलवत उभे. माझ्या नवऱ्याला पक्ष्यांचं वेड, त्याला खंड्याचे प्रकार, समुद्रबगळा, ब्राह्मणी घार, तुतारी सगळं मिळालं, तो मनोऱ्यावरनं उतरायला तयार नव्हता. इथे पाणमांजरं पण आहेत, आम्हाला चिखलात त्यांच्या पायांचे ठसे दाखवले वनरक्षकाने. आणि मगरी आहेत. मांडवी आणि कुंभारजुवें कालव्यात मगरी आहेत हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे, पर्यटकांना नसतं, म्हणून सांगते, या बेटांवर कुठेही पाण्यात उतरू नका, पाय बुडवून फोटो काढू नका, मुलांना काठावर एकटं सोडू नका.

बाकीचं चोडण स्कूटरवरनं. सेंट बार्थोलोम्यूचं चर्च, मोठमोठे जुने वाडे, काही नांदते, काही पडायला आलेले. एकेकाळी पोर्तुगीज सरदार-दरकदारांचं हे आवडतं बेट होतं, मग अठराव्या शतकात साथींनी ओस पडलं. उत्तरेला मयेच्या बाजूने पूल आहे, त्यामुळे फेरी चुकली किंवा बंद असली तरी डिचोलीमार्गे बाहेर पडता येतं, वळसा मोठा आहे पण मार्ग आहे. दिवाडीला तसा पूल नाही. पूल हवा की नको यावर दिवाडीत दोन मतं आहेत. आंटी म्हणाल्या की रात्री कुणाला छातीत दुखलं तर बोटीची वाट बघावी लागते, ते फक्त इथे राहणाऱ्यालाच कळतं. मला बेट तसंच राहावं असं वाटत होतं तोपर्यंत, ते ऐकल्यावर मी माझं मत माझ्यापाशी ठेवलं.

घरांचे फोटो काढण्याबद्दल. दोन्ही बेटांवर रंगीत घरं आहेत आणि लोक कुंपणाच्या आत शिरून, ओट्यावर बसून फोटो काढतात. आत माणसं जेवत असतात. विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

दिवस चौथा : जुवें, माशेल, आणि परतीची गाडी

संध्याकाळची कोकणकन्या होती म्हणून सकाळी सामान बांधून पहिल्या बोटींपैकी एकीने निघालो. ओल्ड गोव्याहून बाणस्तारीचा पूल ओलांडून माशेल. वाटेत तिसरं बेट, जुवें, म्हणजे सेंट इस्तेव्ह, इथे पूल आहेत, फेरी लागत नाही. भेंडीसाठी प्रसिद्ध गाव, लांबलचक, फिकट हिरवी, सात शिरांची भेंडी, बाजारात दिसली तर सोडू नका.

पण आम्ही गेलो ते किल्ल्यासाठी. टेकडीवर थोडेच अवशेष उरलेत, गवत वाढलेलं असतं, चांगले बूट घाला. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांची माणसं ओहोटीचं पाणी उतरल्यावर नदी पार करून या बेटावर शिरली आणि किल्ला घेतला. समोर ओल्ड गोवा, पोर्तुगीजांची राजधानी, इतकी जवळ की तिथल्या घंटा ऐकू येतील. दुसऱ्या दिवशी खुद्द व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर फौज घेऊन चालून आला, त्याचा पराभव झाला, बांधाचं पाणी शेतांत घुसलं, चिखलात त्याची माणसं अडकली आणि तो जखमी होऊन जेमतेम निसटला. परत जाऊन त्याने बॉम जीझसमध्ये झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हातात ठेवून शहर वाचव म्हणून प्रार्थना केली. आम्ही तीन दिवसांपूर्वी त्याच शवपेटीसमोर उभे होतो, आणि दुसऱ्या दिवशी मानशीपाशी बसून पाणी चढताना-उतरताना बघितलं होतं, त्यामुळे टेकडीवर उभं राहिल्यावर लढाई कशी झाली असेल ते लेकीला समजावून सांगावंच लागलं नाही. तिनेच नदीकडे बोट दाखवून विचारलं, "ओहोटी होती म्हणून जमलं ना?" हो, ओहोटी होती म्हणून जमलं.

माशेलला देवकीकृष्णाचं देऊळ. हा देव मूळचा चोडणचा, तिकडनं मये, मग माशेल. देवकी आणि बाळकृष्ण एकत्र पूजले जातात असं देऊळ क्वचितच सापडतं. आषाढी एकादशीनंतर इथल्या पटांगणात चिखलकाला होतो, अंगाला तेल लावून पुरुष आणि पोरं चिखलात खेळ खेळतात. जवळच खांडोळ्याचा गणपती, दिवाडीहून आलेला. म्हणजे बेटं बघून मग इथे आलं की प्रत्येक देवाचं जुनं घर आपण बघितलेलं असतं. आईला या क्रमाने बघितल्याचं फार समाधान वाटलं, म्हणून तुम्ही पण आधी बेटं आणि मग माशेल असंच ठेवा, उलटं करू नका. जेवायला माशेलच्या बाजारात साधी खानावळ बघा, भात, हुमण (माशांचं कालवण), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), तळलेला बांगडा, सोलकढी. शाकाहारी थाळी पण मिळते.

करमळीला गाडीच्या तासभर आधी पोचा. स्टेशन छोटं आहे, खायला फार काही नसतं, माशेलहून किंवा ओल्ड गोव्याहून डबा बांधून घ्या.

आता शेवटचं, कधी जायचं ते. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये दमट उकाडा असतो, मी तरी नाही जाणार. पावसात बेटं सगळ्यात देखणी असतात पण वारा-पाऊस जास्त झाला की फेरी थांबवतात, त्यामुळे परतीच्या दिवशी बेटावर राहू नका, आदल्या रात्रीच अलीकडे या. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीला बोंदेरा उत्सव असतो, वाड्यावाड्यांचे झेंडे, चित्ररथ, पोरांच्या हातात फोटाश, म्हणजे बांबूच्या खेळण्यातल्या बंदुका. त्या दिवशी फेरीला दोन्ही काठांवर प्रचंड रांग लागते आणि बेटावर खोली मिळणं जवळपास अशक्य, तर सकाळी लवकर, गाडी अलीकडच्या काठावर ठेवून पायीच बोटीत चढा.